मिशनच्या शाळेत क्लब चालू करायचाय? आधी शेवटच्या एसटीचा टाइम बघा

आमच्या खान्देशात इंग्लिश मीडियमची कुठलीही शाळा असो, लोकांसाठी ती कॉन्व्हेंटच, चालवणारे कुणी का असेनात. आणि ख्रिस्ती लोकांनी जुन्या काळात काढलेली मराठी शाळा म्हणजे मिशनची शाळा. मी या दुसऱ्या प्रकारात शिकवतो, नंदुरबार जिल्ह्यात, अनुदानित शाळा, बाजूला होस्टेल, मैदानाच्या कडेला चर्च आणि चिंचेची दोन झाडं. शाळा सुटल्यावर क्लब चालवायचे म्हणून गेली काही वर्षं धडपडतोय, त्यात जे जमलं ते आणि जे आपटलं ते दोन्ही लिहितोय. कुणी धुळे जळगावकडे असलं काही चालू करत असेल तर निदान आमच्याच खड्ड्यात पडायला नको.

पहिल्या वर्षी काय केलं सांगतो. जूनमध्ये उत्साहात आठ क्लब काढले. संगीत, चित्रकला, विज्ञान, व्हॉलीबॉल, बागकाम, इंग्लिश स्पीकिंग, नाटक, आणि आठवा कुठला होता ते आता मलाच आठवत नाही, यावरूनच समजा. शाळा पाचला सुटायची, क्लब सहापर्यंत. तिसऱ्याच आठवड्यात एका संध्याकाळी सहा पोरांची शेवटची गाडी चुकली. पावसाचे दिवस, अंधार लवकर, पोरं पायीच निघाली आणि निम्म्या रस्त्यात त्यांना एकाचा बाप ट्रॅक्टर घेऊन भेटला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला, ओरडला वगैरे काही नाही, फक्त म्हणाला, "सर, तुमना क्लब चांगला शे, पन आमनं पोर घर कवय येई ते सांगा." म्हणजे पोर घरी कधी येणार. माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिवाळीपर्यंत आठातले दोन उरले.

म्हणून पहिलं काम हे. क्लब कुठले काढायचे ते नंतर. आधी पोरांची यादी करा आणि नावापुढे लिहा की कोण कसं घरी जातं. मिशनच्या शाळेत साधारण तीन गट निघतात, होस्टेलची पोरं, गावातली पायी जाणारी आणि एसटीची किंवा काळीपिवळीची. पहिल्या दोघांना संध्याकाळचा क्लब चालतो, तिसऱ्यांना नाही, आणि क्लबची गरज नेमकी तिसऱ्यांनाच जास्त कारण घरी गेल्यावर त्यांना बकऱ्या, पाणी, धाकटी भावंडं हेच असतं. मग त्यांच्यासाठी शनिवार. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकराच्या आसपास सुटते, पुढची गाडी दीड पावणेदोनला. मधले दोन तास पोरं नाहीतरी स्टँडवर टवाळक्या करत बसायची, तेच आम्ही उचलले. आज आमचे मोठे क्लब शनिवारी दुपारी चालतात आणि संध्याकाळी फक्त होस्टेल आणि गावातल्या पोरांचे. मार्चनंतर सकाळची शाळा सुरू झाली की मैदानावरचं सगळं बंद, आपल्याकडचं ऊन काय असतं ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको, तेव्हा वर्गातले क्लब चालू ठेवायचे.

आणि हो, खायला. हा मुद्दा कुठल्याच मीटिंगमध्ये निघत नाही. पोरानं खिचडी खाल्लेली असते दुपारी, पाच वाजता त्याच्या पोटात काही नसतं, आणि उपाशी पोर ना गाणं म्हणतं ना बॉल उचलतं. आम्ही आलटून पालटून फुटाणे, गूळ शेंगदाणे, मुरमुऱ्याचा भत्ता असं ठेवतो. शहाद्याकडून केळी आली तर मजाच. एका वर्षी खाऊचे पैसे संपले तेव्हा पंधरा दिवसात हजेरी अर्ध्यावर आली, काय समजायचं ते समजा.

आता फायद्याचं. शाळेचं माहितीपत्रक उघडलं की सर्वांगीण विकास, नेतृत्वगुण, व्यक्तिमत्त्व असलं लिहिलेलं असतं, मी पण लिहिलंय तसलं, पण खरं विचाराल तर मला एकच फायदा डोळ्यानं दिसला. वर्गात गप्प बसणारं पोरगं बोलायला लागतं. बस. मार्क वाढतात असं मी तुम्हाला सांगणार नाही, काहींचे वाढले काहींचे नाही. पण आमच्याकडे हा गप्प बसण्याचा प्रकार फार मोठा आहे, कारण घरी पोर बोलतं अहिराणी, नाहीतर पावरी, भिली, मावची, शाळेत येतं ते पुस्तकातल्या मराठीत आणि वरून आम्ही इंग्लिशचा तास घेणार. म्हणजे दोन पायऱ्या एकदम. पोरगं चुकायला घाबरतं आणि मग चौथी पाचवीपासून तोंड शिवून बसतं ते दहावीपर्यंत.

आमच्याकडे धडगावकडचा एक मुलगा होता, आठवीत, होस्टेलचा. घरी पावरी. वर्गात हजेरीला "यस सर" सोडून त्याचा आवाज मी दोन वर्षात ऐकला नव्हता. व्हॉलीबॉलला यायचा पण उंची कमी म्हणून कुणी टीममध्ये घेईना, मग मी त्याला शिट्टी दिली, म्हटलं तू अंपायर. बुटाच्या जुन्या लेसमध्ये ओवलेली शिट्टी, ती त्यानं गळ्यात घातली आणि स्टुलावर उभा राहिला. पहिला दिवस नुसती शिट्टी. दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः खेळत होतो, उडी मारली, हात जाळीला लागला, मला वाटलं कुणी बघितलं नाही, आणि वरून खणखणीत आवाज, "सर, नेट टच! पॉइंट तिकडं!" सगळं मैदान गप्प. मी पॉइंट दिला. त्या दिवसापासून तो भांडायला लागला हो, नियमावरून, स्कोअरवरून, आणि भांडायचं तर मराठीतच लागतं कारण समोरचा अहिराणीवाला, पावरी त्याला येत नाही. वर्षअखेरीला तोच पोरगा इतिहासाच्या तासाला हात वर करून म्हणाला की सर, फळ्यावर साल चुकलंय. चुकलंच होतं.

व्हॉलीबॉलवरून आठवलं. पालकांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं की ख्रिस्ती शाळेत बायबल शिकवा, खेळ कशाला, नाहीतर उलटं, खेळ ठीक आहे पण त्याचा आणि चर्चचा काय संबंध. तर व्हॉलीबॉल १८९५ साली अमेरिकेत विल्यम मॉर्गन नावाच्या वायएमसीएच्या माणसानं काढला, वायएमसीए म्हणजे ख्रिस्ती तरुणांची संस्था, १८४४ मध्ये लंडनला सुरू झालेली. त्याच्या चार वर्षं आधी, १८९१ ला, बास्केटबॉलसुद्धा वायएमसीएच्याच ट्रेनिंग स्कूलमध्ये जेम्स नेस्मिथनं काढला, हिवाळ्यात पोरांना आत कोंडून काय खेळवायचं म्हणून गॅलरीच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या. ज्यांना तो धक्काबुक्कीचा वाटला त्यांच्यासाठी मॉर्गनचा हा जाळीवरचा खेळ, आधी त्याचं नाव मिंटोनेट होतं. आज आमच्या पाड्यापाड्यावर दोन बांबू आणि एक जाळी दिसते. आणि संडे स्कूल घ्या, ते पण मुळात असंच होतं, १७८० च्या सुमारास इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सनं आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब पोरांना रविवारी लिहायला वाचायला शिकवायला काढलेलं. आमची पोरं ऑक्टोबर नोव्हेंबरात कापूस वेचायला जातात तेव्हा मला तेच आठवतं. तेव्हा शाळेच्या वेळेबाहेरचा हा तास म्हणजे काही नवीन फॅड नाही, मिशनच्या कामातलं ते जुनंच अंग आहे.

आता नाजूक विषय, धर्माचा. यावर गुळमुळीत बोलून चालत नाही, खास करून आमच्या भागात. आमच्या शाळेत ख्रिस्ती मुलं थोडीच आहेत, बाकी हिंदू, आदिवासी, काही मुस्लिम. संविधानाच्या ३० व्या कलमानं अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय, तो आहेच. पण २८ व्या कलमाचा तिसरा भाग पण वाचा, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, आणि मूल लहान असेल तर संमती पालकाची. म्हणून आमचा सरळ नियम आहे. ज्या क्लबात प्रार्थना, बायबल, भक्तिगीतं आहेत तो वेगळा, त्याचं नाव पण तसंच स्पष्ट ठेवायचं, आणि त्याला पालकाची सही लागतेच. बाकीच्या क्लबात धर्म आणायचा नाही, बॉल खेळण्याआधी दोन मिनिटं प्रार्थना असलं पण नाही. ख्रिस्ती पोरांना त्यांचा हक्काचा कोपरा मिळतो, वर्गात दोनतीनच असतात बिचारी, इथं दहा बारा एकत्र येतात, डिसेंबरात कॅरल बसवतात, बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगाच्या कागदाचा भला मोठा तारा करतात, त्यात बल्ब सोडायला विज्ञान क्लबची पोरं येतात आणि त्यांचा धर्म कुणी विचारत नाही.

संमतीचा कागद साधा ठेवा. वरती पोराचं नाव, इयत्ता. खाली क्लबची नावं, समोर चौकोन, पालकानं टिक करायची. धार्मिक क्लबच्या ओळीत सरळ लिहा, "या क्लबमध्ये ख्रिस्ती प्रार्थना व भक्तिगीते असतात." मग वार, सुटायची वेळ, पोर कुणाबरोबर आणि कशानं घरी जाणार, एक फोन नंबर. सही किंवा अंगठा. कागद पोराबरोबर पाठवून देऊ नका, कारण अर्ध्या पोरांच्या आईबापाला वाचता येत नाही आणि पोरगं स्वतःच टिक करून आणतं, पालकसभेला बसवून वाचून दाखवा. तरी शंका राहतेच. एक बाई आल्या होत्या, मुलगी संगीत क्लबात पेटी शिकते म्हणून कुणीतरी कान भरले होते. मी काही समजावत बसलो नाही, म्हटलं या शनिवारी या आणि मागे बसा. त्या आल्या, पोरीनं आधी सारेगम वाजवलं, मग एक शेतातलं गाणं, आणि मध्येच थांबून दोन छोट्या मुलींना बोटं कशी ठेवायची ते दाखवायला लागली, चांगली रागावून वगैरे. बाई मला जाताना म्हणाल्या, "मनी पोर घर बोलस नही, आठे कशी काय बोली राह्यनी?" पेटीच्या दोन पट्ट्या वाजत नाहीत अजून, दुरुस्तीवाला धुळ्याला असतो, जाऊ दे.

कुठले क्लब काढायचे? दोनच काढा. तिसरा पुढच्या वर्षी. एक अंगमेहनतीचा आणि एक बसून करायचा. आणि ते निवडताना सरांना काय आवडतं ते बघा, पोरांना नाही, ऐकायला उलटं वाटेल पण पोरांना काहीही आवडवता येतं, कंटाळलेल्या सरांना नाही.

बसून करायच्यात मी भित्तिपत्रकाला सगळ्यात वरती ठेवतो. खर्च जवळजवळ शून्य. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू, स्केचपेन, मैद्याची खळ. आपल्या खान्देशात याची परंपरा पण मोठी आहे, साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिकवत होते, होस्टेल सांभाळत होते, तेव्हा ते पोरांसाठी हाताने लिहून रोजचं पत्रक काढायचे. रोज! आम्हाला महिन्याला एक काढताना घाम फुटतो. आमचा नियम एकच, ज्याला ज्या भाषेत लिहायचं त्यानं त्या भाषेत लिहावं, शुद्धलेखन शेवटी बघू. पहिल्या अंकात सगळ्यांनी पुस्तकातल्यासारखं "पाणी हेच जीवन" लिहिलं, मेलेलं अगदी. दुसऱ्या अंकात एका मुलीनं घरच्या कानबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या देवीच्या, रोटांबद्दल अहिराणीत लिहिलं, कोण किती खाऊ शकतं, काकानं काय मस्करी केली, आणि त्या कागदासमोर मधल्या सुट्टीत जी गर्दी झाली ती मी आमच्या नोटीस बोर्डासमोर निकालाच्या दिवशी पण बघितली नाही. मिशनच्या भिंतीवर कानबाई कशी असं एकानं कुजबुजलं. आमच्या पाद्रीसाहेबांनी चष्मा वर करून सगळं वाचलं आणि विचारलं पुढचा अंक कधी. तो विषय तिथंच संपला. तिसऱ्या अंकात पावरीतून कोडी आली, ती सोडवायला अहिराणीवाली पोरं होस्टेलच्या पोरांच्या मागे फिरत होती, एरवी ही पोरं एका बाकावर बसत नाहीत.

विज्ञानाचा क्लब काढलात तर इन्स्पायर मानक ही केंद्र सरकारची योजना ध्यानात ठेवा, पोरांच्या कल्पना शाळेमार्फत पाठवायच्या, निवड झाली की पोराला दहा हजार रुपये मिळतात मॉडेल करायला. चित्रकलेचा असेल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा आहेतच, इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीला मिळतात, पालकांना पटवायला हे बरं पडतं. बागकाम छान चालतं पण मे महिन्यात पाणी कोण घालणार ते जूनमध्येच ठरवा. नाटकाबद्दल मी काही सांगत नाही, आमचं दोनदा फसलंय.

एक मोठा धोका आहे तो म्हणजे जादा तास. क्लब जरा रुळला की वरून कुणीतरी म्हणतं, पोरं थांबतातच ना, मग दहावीचं गणित घ्या. आमच्याकडे एका वर्षी जानेवारीत असंच झालं, मी नको नको म्हणत ऐकलं, आणि फेब्रुवारीत सातवी आठवीची पोरं यायची बंद झाली कारण त्यांना वाटलं हे पण शाळाच. तेव्हा जादा तास घ्यायचाय तर घ्या, पण दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या खोलीत, आणि त्याला क्लब म्हणू नका. आणि फीचं तर नावच काढू नका, शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमात शिक्षकाला खासगी शिकवणी करायला बंदीच आहे, त्यात क्लबच्या नावानं पैसे घेतले की लोक त्याला शिकवणीच म्हणणार, आणि म्हटलं तर चुकलं कुठं.

मुलींचं वेगळं लिहायला पाहिजे. मुलगी पहिल्या महिन्यात येते आणि मग गळते, विचारलं तर म्हणते घरी काम. निम्म्या वेळा ते खरं असतं, निम्म्या वेळा रस्त्यानं एकटीनं जायची भीती असते आणि ती कुणी बोलत नाही. आम्ही काय केलं, एका गावच्या मुलींना एकाच क्लबात आणि एकाच दिवशी घेतलं, म्हणजे जाताना चौघी पाच जणी बरोबर. कुणाला चित्रकला हवी होती तिला व्हॉलीबॉल आलं, कुरकुर झाली, पण गळती थांबली. मैदानात मुलींना शेवटची पंधरा मिनिटं देतो म्हणणारे सर बघितलेत मी, तसं करू नका, त्यांचा आख्खा वार वेगळा ठेवा नाहीतर जाळी त्यांच्या हाताला लागत नाही.

सुरक्षेत तडजोड नाही. क्लब चालू असताना दोन मोठी माणसं हवीत, त्यात मुली असतील तर एक बाई. दरवाजा उघडा. कुठल्याही सरांनी, पाद्रींनी, वॉर्डननी, बाहेरून शिकवायला आलेल्या माणसानं एकट्या पोराला बंद खोलीत थांबवायचं नाही, माणूस कितीही सज्जन असू दे. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, काही कळलं तर कळवणं बंधनकारक आहे, शाळेचं नाव जाईल म्हणून दाबून ठेवणं हाच गुन्हा. हे पहिल्याच मीटिंगला मोठ्यानं वाचा, कुणाला राग आला तर येऊ दे. आणि सुटताना रजिस्टर, कोण किती वाजता कुणाबरोबर गेलं. आमच्या रजिस्टरवर आता पोरंच सह्या घेतात, तोच अंपायर पुढे ते सांभाळायचा आणि गाडी चुकायला पाच मिनिटं असली की शिट्टी मारायचा.

दिवाळीनंतर हजेरी पडते, घाबरू नका. अक्कलकुवा धडगावकडची कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातला जातात, पोरं कधी बरोबर जातात कधी होस्टेलला राहतात. गेलेल्या पोराचं नाव काटू नका. होळीच्या आसपास परत येतात तेव्हा त्यांची जागा, त्यांची शिट्टी, त्यांची पेटीवरची पाळी तशीच असली पाहिजे. एका पोरानं आल्या आल्या पहिलं रजिस्टर उघडून स्वतःचं नाव बघितलं होतं, मग मैदानात गेला.

बाकी सामानाचं थोडं. बॉल दोन घ्या, एक नेहमी पंक्चर असतो. चावी दोघांकडे ठेवा कारण ज्या दिवशी तुम्ही रजेवर त्याच दिवशी चाळीस पोरं दाराशी उभी असतात. आणि हवा भरायचा पंप शाळेतच ठेवा, घरी नेऊ नका, आमचा नेला होता एकानं सायकलसाठी, अजून आला नाही.